शब्दचर्चा : 'सयामी', 'चिकटलेली' की आणखी काही?

प्रश्न : एका वैद्यकीय अहवालाचं मराठी करतेय. निदानासमोर फक्त आयसीडी-१० चा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचा) कोड आहे, क्यू ८९.४, म्हणजे 'कन्जॉइन्ड ट्विन्स', जन्मतःच शरीरं एकमेकांना जोडलेली जुळी. वर्तमानपत्रं 'सयामी जुळी' म्हणतात. तेच लिहू का?

— 'सयामी' नको. १८११ साली सयाममध्ये जन्मलेल्या चँग आणि एंग या भावांवरून तो शब्द पडला. छातीच्या हाडाखाली एका पट्ट्याने दोघे जोडलेले होते. पुढे अमेरिकेत शेती केली, लग्नं केली, १८७४ ला गेले. सयामचं थायलंड झालं तरी जगभरच्या जुळ्यांना आपण अजून सयामीच करून टाकतो! 'चिकटलेली' लिहा, कुणालाही कळेल.

— कळेल, पण 'चिकटलेली' म्हटलं की आधी सुटी होती आणि मग चिकटली, असं वाटतं. रूढ स्पष्टीकरण उलट आहे : एकाच फलित बीजाचे दोन भाग व्हायचे, ते पुरते झालेच नाहीत. म्हणून तर ही जुळी नेहमी एकाच लिंगाची. आधी वेगळी होऊन मग जुळली, असं मानणारेही आहेत. 'अविभक्त' म्हणावं तर पहिल्या मताची बाजू घेतल्यासारखं होतं (आणि एकत्र कुटुंब आठवतं ते वेगळंच). 'जोडलेली' कुणाचीच बाजू घेत नाही.

— 'संलग्न जुळी' कसं वाटतं?

— नको हो, महाविद्यालय विद्यापीठाला संलग्न असतं. बाकी शब्द निवडताना जपायला हवं, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये याच कोडखाली 'डबल मॉन्स्टर' अशीही नोंद आहे. लॅटिनमध्ये 'मॉन्स्ट्रम' म्हणजे अपशकुन. आपल्याकडेही गर्भारशीला जोडकेळं खाऊ देत नाहीत, त्यामुळे हसायला नको.

— ताई, एक व्यवहाराचं. डोक्याशी जोडलेली असोत, छातीशी वा पार्श्वभागाशी, कोड एकच, क्यू ८९.४. त्यामुळे जोड कुठे आहे ते शब्दांतच यायला हवं. मूळ अहवालात 'थोराकोपेगस' असेल तर 'छातीशी जोडलेली जुळी', 'क्रेनिओपेगस' असेल तर 'डोक्याशी जोडलेली'. आणि हा कोड बाळांच्या कागदावरचा. आईच्या बाळंतपणाचे कोड 'ओ'ने सुरू होतात, ते तपासून घ्या.

— 'थोराकोपेगस'च आहे. 'छातीशी जोडलेली जुळी' लिहिलं, कंसात कोड ठेवला.