मदत हवी आहे: फोटोवरची जाळी कशी घालवायची?

आजीचा जुना फोटो आहे, स्कॅन केला तर अख्ख्या चेहऱ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसतेय. नुसता हातात धरून बघितला तर एवढी जाणवतही नाही. ब्लर मारून बघितला, नॉइज रिडक्शन मारलं, जाळी जाते पण आजीचे डोळेपण जातात. रविवारी वर्षश्राद्ध आहे, १२ बाय १८ ची फ्रेम करायचीय, प्लीज लवकर सांगा.

सातारकर: कशात करताय, फोटोशॉप की गिम्प? स्कॅन किती डीपीआयला? मूळ फोटो केवढा? आणि रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट?

निशाचर: एवढं कशाला, एआयचं अ‍ॅप टाका मोबाईलमध्ये, दोन मिनिटांत चकाचक. मी आमच्या आजोबांचा केला.

पिंपळपान: @निशाचर, नका हो असलं सुचवू. ती अ‍ॅपं जाळी काढत नाहीत, चेहरा नव्याने रंगवतात. माझ्या मावशीची हनुवटीच बदलून टाकली, आईने फोटो ओळखला नाही. श्राद्धाला लावायचा फोटो आहे, माणूस तेच दिसायला हवं.

निशाचर: आमच्या घरी सगळ्यांना आवडला.

धागाकर्ती: गिम्प. ३०० डीपीआय, जेपीजी. फोटो पोस्टकार्डाएवढा, ब्लॅक अँड व्हाइट.

सातारकर: हा सिल्क फिनिशचा कागद, म्हणजे बारीक उंचवट्यांची नक्षी असलेला. बोटांचे ठसे आणि चरे दिसू नयेत म्हणून स्टुडिओवाले वापरायचे. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो, म्हणून प्रत्येक उंचवट्याची एक कड चमकते आणि दुसरीकडे सावली. आधी ६०० डीपीआयला टिफमध्ये परत स्कॅन करा. मग फोटो काचेवर उलटा फिरवून, म्हणजे डोकं खाली पाय वर, दुसरा स्कॅन. दुसरा सरळ करून पहिल्यावर लेयर म्हणून ठेवा, नीट जुळवा, वरच्याची ओपॅसिटी ५० टक्के, म्हणजे तो अर्धा पारदर्शक. चमक आणि सावली एकमेकींना मारतात, जाळी बरीच उतरते.

अक्का: फोटोवर बुरशी असेल तर कापसावर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसा, मी सगळा अल्बम असाच साफ केला.

धागाकर्ती: बुरशी नाहीये अक्का. कुंकू आणि साडीचा काठ तेवढा हाताने रंगवलेला आहे, त्याला काही होईल का?

पिंपळपान: अहो हे आधी सांगायचं ना! स्पिरिट लावू नका, पाणीसुद्धा नको, कुंकू कापसावर येईल!!

सातारकर: आणि मग हा ब्लॅक अँड व्हाइट धरायचा नाही, कलरमध्येच स्कॅन करा. लेयरनंतर उरलेल्या जाळीला एफएफटी, म्हणजे चित्रात परत परत येणारी नक्षी वेगळी दाखवणारं गणित. इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात लाल, हिरवा, निळा चॅनल वेगळे करून एकेकाचं एफएफटी काढा. मध्ये एक उजळ डाग दिसेल आणि त्याच्याभोवती सुटे चमकते ठिपके, ते ठिपके म्हणजेच जाळी, कारण ती ठरावीक अंतराने परत परत येते. ठिपक्यांवर काळं फासा, मधल्या डागाला हात लावू नका, तिथे आजी आहे. मग इन्व्हर्स एफएफटी करून, म्हणजे ठिपक्यांचं परत चित्र करून, तिन्ही चॅनल परत एक करा.

टेकडीवरचा: निगेटिव्ह मिळते का बघा, निगेटिव्हवर जाळी नसतेच. स्टुडिओ चालू आहे का?

धागाकर्ती: स्टुडिओ कधीच बंद झाला, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. तरुणपणीचा हा एकच फोटो आहे.

निशाचर: इतक्या खटपटीपेक्षा मोबाईलने खिडकीशी धरून फोटो काढा.

सातारकर: खिडकीचा उजेडपण एकाच बाजूने येतो, परत तीच सावली. दिव्यांवर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर, म्हणजे चमक कापणारे फिल्टर, असतील तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ती: दोन स्कॅन जुळवायला दीड तास गेला, एक स्कॅन किंचित तिरका होता. पण झालं!! एफएफटीनंतर गालावर काही राहिलं नाही, पापण्या मोजता येतायत, कुंकवाची कडही तशीच आहे. पदराच्या अंधाऱ्या भागात थोडी जाळी आहे, ती राहू देते. सातारकर, खूप खूप आभार. प्रिंट मॅटवर काढू ना?

पिंपळपान: मॅटच. वर काच येणार आहे.

अक्का: अल्बममध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवत जा, पावसाळ्यात फोटो चिकटत नाहीत.