उबुंटू घालायचं म्हटलं की सिक्युअर बूट बंद करायलाच लागतंय काय?

दुसरं गेट, टिळकवाडी (धागा सुरू करणारा)

गेल्या महिन्यात भाचीचा लॅपटॉप माझ्याकडं आला तो निळा पडदा घेऊनच. ती इंजिनिअरिंगच्या पाचव्या सेमला. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), घरी विंडोज ११. 'दोन्ही करून द्या' म्हणून बाजारातल्या एका दुकानात दिला. दुकानातल्या पोरानं विंडोजमधूनच डिस्कची जागा कापली, ते बरोबर. मग बायोसात, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. मशीन सुरू होताना ओळखीची सही नसलेल्या प्रोग्रामला आत न घेणारी ती सोय. उबुंटू झ्याक बसलं. विंडोज उघडायला गेली तर डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागलं. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, त्यातला एक आकडासुद्धा घरात कुणाला माहीत नाही. 'टीपीएम क्लिअर करून बघू' म्हणून त्या पोरानं तेही केलं, आणि राहिलासाहिला मार्गही बुजला.

डिस्कची चावी टीपीएम चिपमध्ये असते. मशीन नेहमीसारखं सुरू झालंय असं दिसलं की चिप ती चावी सोडते, काही वेगळं दिसलं की धरून ठेवते. सिक्युअर बूट नुसतं परत चालू केलं असतं तर बहुतेक विंडोज गुमान उघडलं असतं. चिपच पुसल्यावर उरली फक्त ती ४८ आकड्यांची की. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जाऊन बसलेली असते. अकाउंट कुणाचं? दोन वर्षांमागं लॅपटॉप घेताना काउंटरवर घाईघाईनं काढून दिलेलं, कुठल्यातरी ईमेलवर, जो आता कुणालाच आठवत नाही. फोटो, मिनी प्रोजेक्ट, सगळं डिस्कवर आहे आणि आमच्या हातात नाही. फॉरमॅट मारायला अजून जीव होत नाही म्हणून मशीन तसंच ठेवलंय.

माझं म्हणणं एवढंच, की उबुंटूसाठी सिक्युअर बूट बंद करायची गरजच नाही. ती सवय २०१२-१३ सालची आहे, विंडोज ८ ची मशीनं नवी आली तेव्हाची. तेव्हापासून शिम नावाचा छोटा प्रोग्राम आहे. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, म्हणून मशीन त्याला आत घेतं. शिमच्या पोटात उबुंटूची स्वतःची चावी असते, तिनं तो ग्रबला, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, तपासतो, आणि पुढं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तपासला जातो. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे सगळे असेच चालतात. डेबियनसुद्धा २०१९ च्या १० नंबरच्या आवृत्तीपासून. मग बायोसात हात घालायचा कशाला?

वडगावचा माग

भाचीचं वाईट झालं, पण निदान चुकलंय. खोळंबा झाला तो रिकव्हरी की कुठं आहे ते न बघता हात लावला म्हणून. सिक्युअर बूटला त्याचं श्रेय देऊ नका.

आता मूळ मुद्दा. घर माझं, दाराला कुलूप माझ्या पैशाचं, आणि आत कुणाला सोडायचं ते ठरवणार घर बांधणारा? शिमवर सही कुणाची ते तुम्हीच लिहिलंय. उद्या ती सही मागं घेतली तर? हे हवेतलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुने शिम बाद करणारी यादीच मशीनमध्ये घातली. ड्युअल बूटवाल्या, म्हणजे विंडोज-लिनक्स दोन्ही असलेल्या, मशीनला हात लावणार नाही असं सांगून घातली, आणि तरी कितीतरी ड्युअल बूट मशीनवर लिनक्स उठेना. 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' एवढंच पडद्यावर, आणि मशीन बंद. तेव्हा बाहेर पडायचा उपाय काय होता सांगा? आधी सिक्युअर बूट बंद करा, मग लिनक्समध्ये जाऊन ती यादी पुसा.

आणि एवढं सोसून मिळतंय काय? उबुंटूत कर्नल तपासला जातो, पण त्याच्यासोबत चढणारी, सुरुवातीची तयारी करणारी इनिटरॅमएफएस फाइल कुणी तपासत नाही. लॅपटॉप हातात आलेला माणूस ती बदलून ठेवू शकतो, सिक्युअर बूट चालू असताना. मग पुढच्या दाराला तीन कड्या आणि परसदार उघडं, असला हा प्रकार. माझं २०१६ पासून बंद आहे. हायबरनेटही (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) चालतंय. चालू ठेवलं की कर्नल लॉकडाउनमध्ये, म्हणजे कडक बंदोबस्तात, जातो आणि हायबरनेट गेलं.

खडे बाजार काउंटर

दुकानदाराला शिव्या घालून झाल्या असल्या तर आमचं पण ऐका ओ.

गिऱ्हाईक येतंय, लॅपटॉप टेबलावर ठेवतंय आणि म्हणतंय, 'खानापूरची साडेपाचची बस हाय, तेवढ्यात करून द्या.' मशीन दहा कंपन्यांची, बायोस दहा तऱ्हेचे. एकात शिमसारख्या बाहेरच्या प्रोग्रामला चालू देणारं थर्ड पार्टी सर्टिफिकेट येतानाच बंद असतंय, ते वेगळं हुडकून चालू करायचं. एकात बूट मेनूच दिसत नाही. शिम चालतंय, कबूल. पण चाललं नाही तर ते का चाललं नाही हे हुडकत बसायला मला तीनशे रुपयांत परवडत नाही. बंद केलं की सगळ्यावर चालतंय. म्हणून आम्ही बंद करतोय.

टीपीएम क्लिअर केलं ते चूकच. आमच्यात नव्या पोराला पहिल्या दिवशीच सांगतोय, त्या बटणाला हात लावायचा नाही.

दुसरं गेट, टिळकवाडी

अण्णा, शिव्या नाहीत घातल्या. पण 'सगळ्यावर चालतंय' हे अर्धंच खरं. उबुंटू चालतं, विंडोजचं काय होतं ते गिऱ्हाईक घरी गेल्यावर कळतं. आणि लोक सिक्युअर बूटच्या नावानं जे खपवतात त्यातलं निम्मं त्याचं नसतंच. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही? ते इंटेलचं व्हीएमडी, डिस्क सांभाळणारी बायोसातली एक सेटिंग. विंडोजची ड्राइव्ह उबुंटूत उघडते पण काही लिहू देत नाही? विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलंय. मशीन पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. नाव मात्र सिक्युअर बूटचं.

वडगावकर, इनिटरॅमएफएसचं तुमचं बरोबर आहे, तिथं मी भांडत नाही. चोरापासून वाचायचं असेल तर लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करा, नुसत्या सिक्युअर बूटवर भागत नाही. पण मी सुरक्षेसाठी म्हणतच नाही. मी म्हणतोय ते विंडोजसाठी. ज्याला त्याच मशीनवर विंडोज ठेवायचंय, त्यानं त्याच्या पायाखालची फरशी कशाला उचकटायची?

निपाणीची पोर

मी चालू ठेवूनच घातलं काका, आणि दोन दिवस रडले. माझ्यात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. इन्स्टॉल करताना उबुंटूनं एक पासवर्ड मागितला, मी टाकला आणि विसरले. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'प्रेस एनी की' आलं. मी आईला म्हटलं, 'काहीतरी आलंय बघ,' आणि ते बघेपर्यंत गेलं! दहा सेकंदं असतात. ती हुकली की उबुंटू उठतं, पण ड्रायव्हरची चावी नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर चढत नाही. पडदा धुरकट, बाहेरचा मॉनिटर बंद. मी समजले कार्ड जळालं.

मग परत पासवर्ड दिला, रीस्टार्ट, 'एनरोल मोक' (म्हणजे चावी नोंदवा), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. झालं. एक मिनिटाचं काम. पण कुणी आधी सांगितलं असतं तर! आणि तिथं कीबोर्ड अमेरिकनच असतो, म्हणून पासवर्ड साधा ठेवा, आठ अक्षरांचा.

बंद का केलं नाही, तर भाऊ व्हॅलोरंट खेळतो. विंडोज ११ वर सिक्युअर बूट बंद असलं की ते चालू होत नाही. त्यानं मला घराबाहेर काढलं असतं.

वडगावचा माग

म्हणजे आता गेम कंपनी ठरवणार माझ्या बायोसात काय चालू ठेवायचं. छान.

संकेश्वर छपाई

मला एक कळत नाही, एकाच मशीनवर दोन संसार थाटायचेच कशाला? आमच्याकडं लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी, दोन्ही विंडोजवर. जुन्या फाइली जुन्या फाँटात, त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर हयात जाईल. म्हणून विंडोज सुटत नाही. पोराला लिनक्स शिकायचं होतं, त्याला व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच चालणाऱ्या खोट्या मशीनमध्ये, घालून दिलं. बायोस नाही, पार्टिशन नाही, बिघडलं तर एक फोल्डर पुसायचा. लग्नसराईत मशीन बंद पडलेलं परवडत नाही.

निपाणीची पोर

काका, ८ जीबी रॅममध्ये विंडोज, त्याच्या आत उबुंटू, त्याच्या आत आमचं प्रोजेक्ट… पंखा ऐकून शेजारी विचारतात गिरणी घेतली काय.

संकेश्वर छपाई

मग रॅम वाढव. पेन ड्राइव्ह घेऊन रात्रभर जागण्यापेक्षा स्वस्त पडेल.

खानापूर हलगा रोड

विषयाला सोडून आहे, पण उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की माझं घड्याळ साडेपाच तास मागं का जातं? सीमाभागात राहतो म्हणून दोन्ही सरकारांची वेगवेगळी वेळ काय?

वडगावचा माग

उबुंटू मशीनच्या घड्याळात ग्रीनविचची वेळ लिहितो, विंडोज तीच इथली वेळ समजून वाचतं. उबुंटूला 'इथलीच वेळ ठेव' म्हणून एकदा सांगायचं, भागलं.

दुसरं गेट, टिळकवाडी

वडगावकर, तुमच्या घर-कुलूपाच्या दाखल्यावर परत येतो. कुलूप बांधणाऱ्याचं आहे हे पटत नसेल तर काढून टाकण्यापेक्षा बदला. बायोसात मायक्रोसॉफ्टच्या चाव्यांऐवजी स्वतःच्या चाव्या घालता येतात, आर्च लिनक्स वापरणारे करतात. तुम्ही का नाही करत?

वडगावचा माग

केलंय एका जुन्या मशीनवर. काही लॅपटॉपांत ग्राफिक्स कार्डाच्या फर्मवेअरवरही मायक्रोसॉफ्टचीच सही असते. त्यांच्या चाव्या पूर्ण काढल्या की पडदाच उजळत नाही, मशीन वीट होऊन बसतं. म्हणजे स्वतःची घाला, पण त्यांचीही ठेवा. मग स्वातंत्र्य किती मिळालं? आणि भाचीला हे सांगणार आहात तुम्ही?

अजून एक. मायक्रोसॉफ्टची सही ज्यांवरून तपासली जाते त्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ च्या जूनपासून संपायला लागते. आज चालतंय ते त्या दिवशी बंद पडणार नाही, पण पुढचे शिम २०२३ च्या नव्या चावीनं सही होणार. ज्या जुन्या मशीनला बायोसचं अपडेट येतच नाही, त्यांनी काय करायचं? तेव्हा परत याच धाग्यावर भेटू. मी तेव्हाही बंदच करा म्हणणार.

दुसरं गेट, टिळकवाडी

म्हणा. जुन्या, विंडोज नसलेल्या मशीनवर मीही बंद करीन. पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकरची की हातानं वहीत लिहून घ्यायची, नाहीतर बायोसात जायचंच नाही. यावरून मी हलणार नाही.

खडे बाजार काउंटर

वहीवरनं आठवलं. ओ टिळकवाडी, त्या लॅपटॉपचं बिल हाय काय? अकाउंट काढताना ईमेल कुठलापण घातलेला असू दे, ओटीपीला मोबाईल नंबर गिऱ्हाइकाचाच घेतात. बिलावर जो नंबर असतोय तोच. मायक्रोसॉफ्टच्या साइनइनमध्ये 'यूजरनेम विसरलो' करून तो नंबर घाला. त्या नंबराखाली काय अकाउंट हायत ते दाखवतंय. टीपीएम पुसलं म्हणून ती ४८ आकडी की बदलत नाही. फॉरमॅट मारू नका अजून.

दुसरं गेट, टिळकवाडी

बिल हुडकायला तीन दिवस गेले. गॅसच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेलं होतं. नंबर तिच्या बाबांचा, सिम अजून चालू. ओटीपी आला. ईमेल बघून आम्ही हसावं की रडावं: भाचीचं नाव, पुढं लॅपटॉपच्या मॉडेलचा नंबर. पासवर्ड बदलला, आत गेलो, रिकव्हरी की तिथंच होती.

भाची वाचून दाखवत होती, मी टाकत होतो. पाचव्या गटात एक आकडा चुकला, तिनंच पकडला. आठवा गट टाकून एंटर मारलं आणि विंडोज उघडलं. पिन चालेना, नवीन घालायला लागली. फोटो आहेत, प्रोजेक्ट आहे. खडे बाजारवाले, एकदा दुकानावर येतो, कुंदा घेऊन.

सिक्युअर बूट परत चालू केलंय, उबुंटूही उठतंय. घड्याळ मात्र साडेपाच तास मागं आहे.