आर२२ हेलिकॉप्टर: सायक्लिक जड, कलेक्टिव्ह खाली बसतो. काय तपासावं?

शिकाऊ_आर२२: रॉबिन्सन आर२२. फ्रिक्शन (दांडे जागी धरणारी पकड) पूर्ण सोडूनही सायक्लिक (दिशा देणारी स्टिक) जड लागते, क्रूझमध्ये डावीकडे ओढते. हात सैल सोडला की कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा) खाली बसतो. ब्लेडचं ट्रॅकिंग (दोन्ही ब्लेड एकाच पातळीत फिरतील असं जुळवणं) नुकतंच झालंय. सुरुवात कुठून करू?

प्रशिक्षक: क्रूझमधला डावा ओढा हा बिघाड नाही. आर२२ मध्ये हायड्रॉलिक्स नाहीत, म्हणून रोटरचा जोर थेट हाताला लागतो. त्यासाठीच राइट ट्रिमची स्प्रिंग दिली आहे. वेग वाढल्यावर लावा, हॉव्हरला (हवेत एका जागी थांबायला) येण्याआधी काढा. ट्रिम लावूनही ओढा उरत असेल तर मेकॅनिककडे जा.

हँगरवाला: आधी रोटर थांबलेला असताना पाहा. एकाने स्टिक हळूहळू चारही बाजूंना न्यावी, दुसऱ्याने पुश-पुल ट्यूबवर (स्टिकची हालचाल रोटरकडे नेणाऱ्या नळीवर) बोटं टेकवावीत. एकाच जागी खरखर लागली तर त्या सांध्याचं बेअरिंग गेलंय. सगळीकडे सारखाच ताण असेल तर फ्रिक्शन पूर्ण सुटत नाही किंवा स्वॉशप्लेटचा (स्टिकची हालचाल फिरत्या ब्लेडना देणाऱ्या चकतीचा) बॉल घट्ट बसलाय. तरी कळलं नाही तर ट्यूब एकेका टप्प्यावर सोडवा. ज्या सांध्यानंतर स्टिक हलकी झाली, दोष त्याच्या पलीकडे.

रॉड एंड (ट्यूबच्या टोकाचा सांधा) तिरका राहून जॅम नट (तो जागी धरणारा नट) आवळला गेला, हे फार वेळा दिसतं. मग स्टिक मधे मोकळी आणि टोकाला अडते. नट आवळल्यावर ट्यूब स्वतःभोवती थोडी डुलायला हवी, दोन्हीकडे सारखीच.

शिकाऊ_आर२२: रॉड एंडला तेल देऊ का?

हँगरवाला: अजिबात नको. आत टेफ्लॉनचं अस्तर असतं, तेलाने धूळ चिकटते आणि अस्तर लवकर झिजतं. घट्ट असेल तर बदलाच. जोडताना पालनट (मुख्य नट सैल होऊ न देणारा पातळ नट) नवा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, वर टॉर्क स्ट्राइप (नट सरकला तर कळावं म्हणून रंगाची रेघ), आणि दुसऱ्या अधिकृत माणसाची स्वतंत्र तपासणी. कंट्रोलच्या कामात ही तपासणी टाळायची नाही.

ट्रॅकिंग_बॅलन्स: कलेक्टिव्हचं दुखणं वेगळं. जमिनीवर ठीक आणि उड्डाणातच खाली बसत असेल तर ब्लेडच्या ट्रिम टॅबकडे (मागच्या कडेच्या वाकवता येणाऱ्या पट्टीकडे) बघा. टॅब वर वाकवला की ब्लेडचं नाक वर उचललं जातं, कलेक्टिव्ह हलका होतो. दोन्ही ब्लेडचे टॅब सारखेच, अगदी थोडे वाकवा, मग उड्डाण, मग ट्रॅक पुन्हा. एकाच ब्लेडचा वाकवलात तर आत्ता जुळलेला ट्रॅक बिघडेल. यासाठी पिच लिंकना (ब्लेडचा कोन बदलणाऱ्या दांड्यांना) मात्र हात लावू नका, दोन्ही लिंकची लांबी बदलली की ऑटोरोटेशनचा (इंजिनच्या जोराविना, हवेने रोटर फिरत खाली उतरतानाचा) आरपीएम बदलतो.