वळणावरून भरधाव येणाऱ्या गाड्या: स्पीडब्रेकरच मागावा का?

वळणालगतचं घर
आमच्या दारासमोरचा रस्ता 9 मीटर रुंद आहे. बाबांना काठी टेकत तो ओलांडायला 11 सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. डावीकडे 60 मीटरवर वळण आहे, त्यापलीकडचं काही दिसत नाही. बाबा पाऊल टाकतात तेव्हा रस्ता रिकामा असतो, आणि मधोमध पोचेपर्यंत गाडी अंगावर आलेली असते. गेल्या आठवड्यात एक मोटारसायकल त्यांच्या काठीला घासून गेली. ते पडले नाहीत, पण तेव्हापासून फाटकापर्यंत जातात आणि परत फिरतात. मला ते बघवत नाही.

शेजाऱ्यांना एकत्र बोलावलं. बहुतेकांना स्पीडब्रेकर हवा आहे. दोघं तर म्हणाले, आपणच सिमेंट ओतू. मागे एकदा अर्ज दिला होता, त्यावर ‘पाहणी करू’ एवढंच उत्तर आलं. काय करावं?

निवृत्त रस्ते अभियंता
सिमेंट कृपा करून ओतू नका. वळणानंतर लगेच, पट्टे न रंगवलेला, अंदाजाने केलेला उंचवटा रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतो.

तुमच्याच आकड्यांवरून सांगतो. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी 60 मीटर अंतर साधारण 4.3 सेकंदांत कापते, 30 ने आली तर 7.2 सेकंदांत. म्हणजे वेग उतरला तरी तुमच्या वडिलांचे 11 सेकंद भरत नाहीत. म्हणून ओलांडायचं अंतरही कमी करायला हवं. दोन्ही बाजूंचा फूटपाथ तेवढ्या जागी दीड-दीड मीटर पुढे आणला, तर उरतात 6 मीटर. त्यांच्या चालीने साधारण 7.3 सेकंद. तिथेच फूटपाथच्या उंचीचा, सपाट माथ्याचा झेब्रा क्रॉसिंग केला की वेगही उतरतो आणि माणूस चालकाला आधी दिसतो. अर्जात हे मागा. ‘स्पीडब्रेकर द्या’ एवढंच लिहिलंत तर तेवढंच मिळेल, तेही मिळालं तर.

आधी वेग मोजा. रस्त्याकडेला एकमेकींपासून 50 मीटरवर दोन खुणा करा आणि गाडीला लागलेले सेकंद टिपा. 180 ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो: 6 सेकंद म्हणजे 30, 3.6 सेकंद म्हणजे 50. फक्त सुसाट जाणाऱ्या निवडू नका, येईल ती प्रत्येक गाडी लिहा. नाहीतर वही कुणी मानणार नाही.

गल्लीतली आई
आम्ही वेगासोबत ‘थोडक्यात वाचले’ अशीही वही ठेवली होती: तारीख, वेळ, कुठे उभं होतो, काय झालं. अपघाताची नोंद होते, हुकलेल्या अपघाताची कुठेच होत नाही. दोन महिन्यांत लक्षात आलं की बहुतेक नोंदी कोपऱ्यावरच्या उभ्या गाड्यांमुळे होत्या. त्यांच्या आडून मूल बाहेर येईपर्यंत चालकाला दिसतच नाही. आणि वेगात येणाऱ्यांत आमच्याच गल्लीतले बरेच निघाले. त्यांच्याशी घरी जाऊन बोललो. काही ऐकले, काही नाही. अर्ज दिलात तर पोचपावती घ्याच.

कोपऱ्यावरचा रहिवासी
उभ्या गाड्या हलवा म्हणणं सोपं आहे. माझ्या घरात चालू न शकणारी व्यक्ती आहे, गाडी दाराशी लागतेच. आधी आम्हाला विचारा.

गल्लीतली आई
बरोबर आहे तुमचं. आम्हीही हे उशिरा विचारलं आणि त्यात महिना गेला. शेवटी अशा घरासाठी एक जागा राखून बाकी कोपरा मोकळा केला.

वळणालगतचं घर
सगळ्यांचे आभार. सिमेंटचा विषय मी बंद केला. खडूने खुणा करून काल सकाळी तासभर मोजलं: 71 गाड्या, त्यांतल्या 23 ताशी 50 च्या वर. स्वतः मोजलेला आकडा बघून शेजारी गप्प झाले. अर्जात फूटपाथ पुढे आणण्याचं आणि उंच झेब्र्याचं मागणार आहे, रुंदीचा नकाशा जोडून. कोपऱ्यावरच्या दोन घरी आज संध्याकाळी जातोय, सह्या गोळा करण्याआधी.

घड्याळ माझ्या हातात होतं, पण वही बाबांनी मागून घेतली. फाटकाशी खुर्ची टाकून त्यांनी एकही गाडी सुटू दिली नाही. उद्या संध्याकाळचीही मोजू म्हणतात.