हेगची इंटर्नशिप आणि वास्कोचा धक्का

फोंड्याची वकील

लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर काल एकाने लिहिलं : "आंतरराष्ट्रीय कायद्यात काही करायचं असेल तर कर्ज काढून का होईना, हेग किंवा जिनिव्हाची एक इंटर्नशिप कराच. ते जमत नसेल तर नोटरीची पाटी लावा." रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

२०१४ साली मला युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायालयातून तीन महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र आलं. बिनपगारी. विमान, विमा, खोली, जेवण, सगळं आपलं आपण. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. बँकेतल्या साहेबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यात फी कुठे आहे? फी नाही तर शैक्षणिक कर्ज देऊ कशावर?" ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

त्या मे महिन्यात मी वास्कोला, आमच्या गोव्याच्या बंदरावर, एका वकिलांकडे बसले. जहाजमालकाने पगार थकवलेले चौदा तारवटी, म्हणजे जहाजावरचे कामगार. मालक एका देशात, झेंडा पनामाचा, माणसं आपली आणि फिलिपिन्सची. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे त्या तारवट्यांची सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तकं ठेवली. खाऱ्या पाण्याने फुगलेली, एका पानाचा शिक्का समोरच्या पानावर उतरलेला. कोण कुठल्या बंदरात चढला, कधी उतरला, हे भिंग लावून वाचायचं आणि तक्ता करायचा. त्या तक्त्यावर पगाराचा दावा उभा राहिला. झेंडा कोणाचा, करार कुठला, खटला कुठे चालणार, हे पुस्तकातले धडे मला त्या टेबलावर कळले.

आणि गोव्याच्या मुलांना आंतरराष्ट्रीय कायदा लांबचा वाटावा? १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली, १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. वाद तिथे ये-जा करण्याच्या हक्कावर, आणि त्याचा आधार? मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातला १७७९ चा पुण्याचा तह आणि नंतरच्या सनदा. त्यांतल्या मराठी मजकुराने गावांचं सार्वभौमत्व दिलं, की बारा हजार रुपयांचा नुसता सरंजाम? न्यायालय म्हणालं, महसुलाचा हक्क तेवढा दिला. जगातलं सर्वोच्च न्यायालय आपल्या भाषेतल्या कागदांवर खल करत होतं!

तिसवाडीकर

ती पोस्ट माझी. नोटरीचं वाक्य चुकलं, मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही.

मीही कुणी भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, मुलगा नव्हे. आजीने काजूचं भाट, म्हणजे बाग, गहाण टाकलं तेव्हा सहा महिने इंटर्नशिपला जाता आलं. संध्याकाळी बेकरी बंद व्हायच्या वेळी अर्ध्या किमतीत पाव मिळायचा, तो दोन दिवस पुरवायचो. पण माझा एकच परिच्छेद तिथल्या बाईंनी अकरा वेळा परत पाठवला. "हे वाक्य कुठल्या पुराव्यावर उभं आहे?" एवढंच समासात लिहिलेलं असायचं. आज लवादाच्या कामात माझी भाकरी त्या अकरा वेळांवर आहे. वास्कोत हे कोण शिकवणार?

आणि ताई, १९६० चा तो निकाल अर्धाच सांगितलात. नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला होता. सैन्य आणि शस्त्रांना मात्र नाही म्हटलं. निकाल पुरा वाचायची सवय मला तिथेच लागली.

डिचोलीचा पालक

तुम्ही दोघेही मुद्दा सोडून बोलताय. खरा प्रश्न पासपोर्टचा आहे. माझी मुलगी चौथ्या वर्षाला. तिच्या वर्गातल्या दोघांनी पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात झालेला आजोबांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढला. त्यांना व्हिसा नको, युरोपात फावल्या वेळात काम करायला आडकाठी नको. आमच्याकडे कागद मागतात ते बँकेच्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटपासून. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी आजोबा कुठे जन्मले यावर माझ्या मुलीचं करिअर ठरायचं? ज्या सत्तेला घालवायला लोक तुरुंगात गेले, तिचाच पासपोर्ट खिशात घालून मुलं पुढे जातात. मला हे सहन होत नाही.

बायणेकर

थांबा. माझ्या भावाने तो पासपोर्ट काढलाय. बोटीवरची नोकरी सुटली, घरात आजारी आई. आज इंग्लंडात गोदामात रात्रपाळी करतो. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. गेलं म्हणजे मतदान गेलं, शेतजमीन विकत घेणं गेलं. हा सौदा त्याने हौसेने केला असं वाटतं तुम्हाला? देशभक्ती शिकवायला आमच्या दारात येऊ नका.

डिचोलीचा पालक

तुमच्या भावाबद्दल मी बोललोच नाही. मी पैसेवाल्यांच्या मुलांबद्दल बोललो.

बायणेकर

"तिचाच पासपोर्ट खिशात घालून" हे शब्द कोणाचे? त्यात पैसेवाला कुठे लिहिलंय? पणजीत आल्तिनोला पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाबाहेर सकाळी जी रांग लागते, तिच्यात एकदा उभे राहून बघा. बहुतेक जण तारवटी, वेटर, सुतार.

डिचोलीचा पालक

बरं, शब्द सरसकट होता. पण मुलीवरचा अन्याय तसाच राहतो.

पर्वरीची प्राध्यापक

पासपोर्टवर वेगळा धागा काढा, विनंती आहे. मी दरवर्षी मुलांच्या इंटर्नशिपच्या डायऱ्या तपासते. बार कौन्सिलचे कायदा शिक्षणाचे २००८ चे नियम कोणी उघडलेत का? पाच वर्षांच्या कोर्सला किमान वीस आठवडे, तीन वर्षांच्या कोर्सला बारा. आणि कुठल्याही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही! संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप किमान दोन महिन्यांची. मुलगी जाऊन आली तरी आमच्या वहीत चारच आठवडे धरायचे आणि वर हजेरीचा प्रश्न. हे बदलायला हवं, त्यावर कोणीच बोलत नाही.

फुकट राबवण्याबद्दल म्हणाल तर २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक इंटर्न जिनिव्हात तंबूत राहत होता. जगभर बातमी झाली, तरी सचिवालय आजवर पगार देत नाही. त्याच शहरात आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, देते. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० पासून सुरू केलं. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं.

तिसवाडीकर

हे मान्य. आणि हेगच्या न्यायालयातही दहा महिन्यांच्या फेलोशिपचा खर्च उमेदवाराच्या विद्यापीठाने उचलायचा, अशी पद्धत होती. म्हणजे श्रीमंत विद्यापीठांचीच मुलं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठी न्यासनिधी उभारला तेव्हा दार थोडं उघडलं. पण नाव विद्यापीठानेच पाठवावं लागतं. गोव्यातून किती जणांची नावं गेली, हे आपणच विचारायला हवं.

फोंड्याची वकील

हेच तुम्ही कालच्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी भांडलेच नसते. तुम्ही मुलांना कर्ज काढायला सांगितलंत. आजीकडे भाट होतं म्हणून तुम्ही गेलात, माझ्याकडे गहाण टाकायला काही नव्हतं.

अकरा वेळा परत आलेल्या परिच्छेदाचं मात्र मनाला लागलं. आमच्या सरांनी माझा तक्ता एकदाच तपासला, वेळच नसायचा त्यांना. तिथे तुमचं बरोबर आहे, मला कबूल करावं लागतंय.

डिचोलीकर, तुमच्या मुलीला मेमध्ये माझ्याकडे पाठवा. चार आठवडे, म्हणजे बार कौन्सिलचाही प्रश्न नाही. एका कुटुंबाची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याचा दावा, चालू आहे, वारस गोवा, लिस्बन आणि मोझांबिकमध्ये विखुरलेले. बसभाडं आणि दुपारचं जेवण माझ्याकडे. लिहिलेलं मी तपासेन, पण अकरा वेळा मला जमणार नाही.

तिसवाडीकर

तिचे मसुदे मला पाठवा. तपासण्याचं काम मी करतो, समासात लिहून.

डिचोलीचा पालक

मुलीला विचारून उद्या कळवतो. पासपोर्टवरचं माझं म्हणणं कायम आहे.

बायणेकर

माझंही.