मदत हवी आहे : फिकी, सुवासिक ग्रनाश कुठली आणावी?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात बहिणीकडे बार्सिलोनाला जाते आहे. परतताना ड्युटी-फ्री दारू दोनच लिटर आणता येते, म्हणजे वाईनच्या दोन बाटल्या. दोन्ही ग्रनाशच्याच, म्हणजे या नावाच्या काळ्या द्राक्षाच्या लाल वाईनच्याच, आणायच्या आहेत.

घरी आम्ही नाशिकची शिराझ पितो. ग्रनाश, म्हणजे स्पेनमधली गार्नाचा, बहिणीनेच पाजली. एक बाटली कातालोनियातल्या प्रियोरात भागातली होती : काळपट, दाट, लेबलवर १५ टक्के अल्कोहोल. दुसरी माद्रिदच्या पश्चिमेकडच्या सिएरा दे ग्रेदोसची. तिचा रंग इतका फिका की ग्लासखालच्या पेपरातली अक्षरं वाचता येत होती. वास मात्र भरभरून, रासबेरी, संत्र्याची साल आणि मागून पांढरी मिरी. मला तीच मनापासून आवडली.

या द्राक्षाची साल पातळ, म्हणून रंग कमी उतरतो. पिकायला वेळ लागतो, साखर भरपूर भरते, त्यामुळे अल्कोहोल जास्त आणि आंबटपणा बेताचा, इथवर कळलं. दुष्काळात आणि वाऱ्यात वेल तग धरते, म्हणून स्पेनमधलं आरागॉन, फ्रान्समधलं दक्षिण ऱ्होन, इटलीतलं सार्डिनिया, ऑस्ट्रेलियातलं बरोसा अशा कोरड्या, उष्ण भागांत ती रुजली. मग साल तीच असताना प्रियोरातची वाईन एवढी गडद कशी? आणि दुसरी बाटली दक्षिण ऱ्होनमधल्या शातोनफ-द्यु-पाप गावाची घेतली तर ग्रेदोससारखी नाजूक निघेल का? पुण्याच्या उन्हाळ्यात टिकेल का, हेही कृपया सांगा.

प्रतिसाद :

प्रियोरातमध्ये पाटीच्या दगडाची उतरती जमीन आणि जुन्या वेली, त्यामुळे वेलीमागे द्राक्षं अगदी थोडी आणि रस घट्ट. शिवाय तिथे बहुतेकदा कारिन्येना हे दुसरं काळं द्राक्ष मिसळतात, रंग आणि आंबटपणा बराचसा त्याच्याकडून येतो. ग्रेदोसमध्ये ग्रॅनाइटची वाळू, काही मळे हजार मीटरच्याही वर, रात्री गार. शिवाय तिथले बरेच वाईनवाले साली फार चेपत नाहीत. तुम्हाला आवडला तो नाजूकपणा या सगळ्याचा आहे.

शातोनफमध्ये गोल गोट्यांचे मळे प्रसिद्ध आहेत, पण नाजूक ग्रनाश हवी तर वाळूच्या जमिनीतली शोधा. शातो रायास ही वाईनरी तिचं सर्वांत मोठं नाव, किंमत मात्र आवाक्याबाहेरची. बाकी बऱ्याच बाटल्यांत सिरा (म्हणजे आपली शिराझ) आणि मूर्व्हेद्र ही द्राक्षं मिसळलेली असतात, त्या भारदस्त लागतात. तुमच्या जागी मी असते तर दोन्ही बाटल्या ग्रेदोसच्याच आणल्या असत्या, वेगवेगळ्या गावांच्या.

टिकण्याचं म्हणाल तर ग्रनाशला हवा लवकर बाधते. एप्रिल-मे उघड्या कपाटात काढू नका, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. पिण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. पुण्याच्या खोलीतल्या तापमानाला अल्कोहोलच नाकात जातं, रासबेरी हरवते. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.