अनुभव धागा: कुंडीतल्या झाडांवरची कीड आणि रोग – आपल्या मराठवाड्यात काय उपयोगी पडतं?

मे महिन्यात ४० च्या वर पारा, बोअरचं क्षाराचं पाणी, काळी माती, आणि मग पावसाळ्यात कधी एकदम आठवडाभर झड. आपल्याकडच्या कुंड्यांना हे सगळं एकाच वर्षात सोसावं लागतं. दमट हवेच्या गावांतले सल्ले इथं तसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून हा धागा काढलाय. प्रत्येकानं आपापलं लिहावं: झाड कोणतं, कीड पानाच्या वर होती की खाली, महिना कोणता, काय केलं. नुसतं "निंबोळी तेल मारा" एवढ्यावर थांबू नका. किती घेतलं, कशात मिसळलं, दिवसाच्या कोणत्या वेळी मारलं, तेही सांगा. आणि एक विनंती, पान उलटून बघितल्याशिवाय कोणाला औषध सुचवू नका.

मीच सुरुवात करते.

परभणी

घर वस्तीच्या कडेला आहे, मागं कापसाची रानं. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, त्यामुळं कापसावर येणारी बहुतेक कीड जास्वंदीवर सुखानं राहते. वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्या की पांढरी माशी आणि तुडतुडे उडून अंगणात येतात. पिठ्या ढेकणाची बारीक पिल्लं वाऱ्यानं आणि मुंग्यांबरोबर येतात. कुंपणाला गाजर गवत असेल तर ढेकूण त्यावरही पोसतो, म्हणून ते फुलायच्या आत उपटून टाकते.

जास्वंदीचा शेंडा आखडला, नवी पानं चुरगळलेली यायला लागली की बेचक्यात बघा. पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसेल, बोटाला चिकटा लागेल, आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल. मी आधी मुंग्यांचा बंदोबस्त करते. त्या ढेकणाचा गोड चिकटा खातात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात. कुंडी विटांवर आणि विटा पाणी भरलेल्या परातीत ठेवल्या, झाड भिंतीला टेकू दिलं नाही, की वाट तुटते. परातीतलं पाणी दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास होतात.

फार भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून कचऱ्यात देते. कापून कुंडीपाशी टाकला तर पिल्लं परत चढतात. उरलेलं दात घासायच्या जुन्या ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं घासून काढते. ढेकणाच्या अंगावर मेण असतं, त्यावरून नुसतं पाणी ओघळून जातं, म्हणून साबण लागतोच. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली सौम्य द्रव साबण. तेल आधी साबणात घोळवून मगच पाण्यात घालायचं, नाहीतर ते वर तरंगतं. रिठ्याचं पाणीही चालतं. फवारणी ऊन उतरल्यावर, कारण उन्हात तेलानं पानं भाजतात आणि कडुनिंबातलं औषधी द्रव्यही उन्हानं लवकर निकामी होतं. आठवड्यानं परत मारायचं. अंडी पहिल्या वेळी वाचतात, त्यातली पिल्लं दुसऱ्या वेळी सापडतात.

ढेकणांच्या घोळक्यात कधीकधी त्यांच्याहून मोठी, लांब पांढरे झुबके अंगावर असलेली, भराभर चालणारी अळी दिसते. ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची. ती ढेकूण खाते. ती दिसली की मी ब्रश खाली ठेवते.

लातूर

२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून आमच्या घरात झाडांचं पाणी मोजून-मापून असतं. म्हणून "पानांवर रोज पाण्याचा जोरदार फवारा मारा" हा सल्ला वाचला की आमच्यासारख्यांनी करावं काय, हा प्रश्न पडतो.

माझा मोठा शत्रू लाल कोळी. मार्च ते जून. गुलाब, वांगं, अरेका पाम, कशावरही येतो. पानावर आधी बारीक फिकट ठिपके, मग पान मळकट पिवळं, आणि जास्त झालं की देठाच्या कोपऱ्यात बारीक जाळी. डोळ्यांना तो सहज दिसत नाही. पांढऱ्या कागदावर पान झटकायचं. ठिपके चालायला लागले तर कोळी, न चालले तर धूळ. बोटानं पुसल्यावर तांबूस रेघ उमटते.

हा कीटक नाही, आठ पायांचा कोळी आहे. त्यामुळं साधं कीटकनाशक त्याला बऱ्याचदा लागत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि तो आणखी वाढतो. कोरड्या गरम हवेत त्याची पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. मी काय करते, तर संध्याकाळी कुंडी मोठ्या टबात ठेवते आणि हातातल्या छोट्या पंपानं पानांच्या खालच्या बाजू धुते. एका टबात पाठोपाठ सगळ्या कुंड्या होतात. साठलेलं पाणी झाडांना न देता फरशी पुसायला घेते. रुंद पानांची झाडं तर ओल्या फडक्यानं, दोन्ही बाजूंनी पुसते. हे दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. जोडीला कुंड्या भिंतीपासून सरकवून हिरव्या जाळीखाली एकत्र ठेवते. तापलेल्या भिंतीला टेकलेलं झाडच आधी कोळ्याला बळी पडतं, हे मी दरवर्षी बघते.

भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जरूर द्या. भांड्यांचं डिटर्जंटचं पाणी नको. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही रोज नको, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

छत्रपती संभाजीनगर

लातूरच्या ताई, क्षारांचा मुद्दा तुम्ही काढलात, बरं झालं. आमच्या सोसायटीत अरेका, ड्रेसिना, स्पायडर प्लांट यांची टोकं करपतात आणि लोक बुरशीनाशक आणायला धावतात. टोक आणि कडा तेवढ्या तपकिरी, बाकी पान स्वच्छ, मातीवर आणि कुंडीच्या बाहेर पांढरी खपली, असं असेल तर तो बहुतेक वेळा रोग नसतो, बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. वरची इंचभर माती खरवडून नवी घाला. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या. मला याशिवाय काही करावं लागलेलं नाही. करपलेलं टोक परत हिरवं होत नाही, नव्या पानांवर लक्ष ठेवायचं.

जालना

मी कृषी सेवा केंद्रात काम करतो, म्हणून थोडं कळकळीनं लिहितो. "रानात मारून उरलंय, गुलाबाला चालंल का?" हे रोज कोणीतरी विचारतं. नाही चालणार. रानात वारा असतो, माणूस फवारून घरी जातो. बाल्कनीत तेच औषध तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि लेकरांच्या हाताला लागतं. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळं तर घरात आणूच नका. आणि कोणतंही औषध शीतपेयाच्या बाटलीत काढून देऊ नका, घेऊ नका. त्यातून काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

आमच्याकडं मोसंबीचा भाग, त्यामुळं कुंडीतल्या लिंबाचे प्रश्न फार येतात. पानात चंदेरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. ती पानाच्या आत असते, वरून मारलेलं तिला फारसं लागत नाही. कोवळी पानं तोडून टाका, आणि नवी पालवी फुटताना निंबोळी अर्क मारा. पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी काळी-पांढरी अळी, जी मोठी होऊन हिरवीगार होते, ती फुलपाखराची. कढीपत्त्यावरही हीच. हातानं उचलता येते, औषधाची काहीच गरज नाही. पानावर आणि फांदीवर उठलेले खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं वलय, हा खैऱ्या रोग. जिवाणूजन्य आहे, पावसाच्या शिंतोड्यानं पसरतो. रोगट फांदी कोरड्या दिवशी कापा आणि कात्री स्पिरिटनं पुसा.

निंबोळी अर्क घरी असा करा: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडा साबण घालून त्याच संध्याकाळी संपवा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडतात, त्या गोळा करून गर काढून सावलीत वाळवा. बुरसलेल्या घेऊ नका.

नांदेड

काळी माती कुंडीत फसवते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. उन्हाळ्यात घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मधला गोळा कोरडाच. झडीत मात्र आठवडाभर चिखल. दोन्ही वेळा झाड मान टाकतं आणि दोन्ही वेळा घरातलं कोणीतरी आणखी पाणी घालतं.

म्हणून माझा आग्रह आहे: झाड सुकलेलं दिसलं की आधी बोट मातीत घाला. माती ओली आणि झाड सुकलेलं, म्हणजे मुळं कुजायलीत. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं तपकिरी, ओढलं की साल हातात येते, आतली दोरी तेवढी राहते, आणि वास येतो. कुजलेली मुळं कापायची, वरच्या फांद्याही त्या मानानं कमी करायच्या, आणि नव्या मातीत लावायचं. मी एक भाग काळी माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड घेतो. त्यात ट्रायकोडर्मा मिसळतो. ही मित्रबुरशी आहे, रासायनिक बुरशीनाशकाबरोबर द्यायची नाही.

कच्चं शेण कुंडीत घालू नका. त्यातून हुमणी, म्हणजे मातीतली पांढरी अळी, येते आणि मुळं खाऊन टाकते. कुंडीवर घोंघावणारी बारीक काळी चिलटंही सतत ओल्या, सेंद्रिय खत भरपूर असलेल्या मातीतच होतात. वरचा थर नीट वाळू दिला आणि शेजारी पिवळा चिकट सापळा लावला की कमी होतात.

परभणी

नांदेडचे काका, ट्रायकोडर्माच्या जोडीला आमच्या इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्सही लोक वापरतात. त्यात उपयोगी बुरशी आणि जिवाणू एकत्र असतात. शेतकरी हळद-आल्याच्या कंदकुजीसाठी नेतात, मी कुंड्यांना पाकिटावरच्या प्रमाणात देते.

बीड

आमच्याकडं गोगलगायीचा ताप लई. २०२२ च्या पावसाळ्यात बीड, लातूर, धाराशिव भागात सोयाबीनची कोवळी रोपं त्यांनी फस्त केली. अंगणातल्या कुंड्यांतही त्या शिरतात. दिवसा दिसत नाहीत, पण पानाला मोठी भोकं आणि वाळलेला चमकता चिकट पट्टा दिसला की समजायचं. मी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांजवळ टाकून ठेवते. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ कुंडीत पडू द्यायचं नाही. दुकानात गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रं असेल तर त्या नकोच, त्याच्या जिवावर बेतू शकतं.

हिंगोली

तुळशीबद्दल कोणी लिहिलंच नाही. पानं राखट व्हायलीत, वळायलीत, आणि पानाखाली काळे बारीक ठिपके, म्हणजे तुळशीचा तो जाळीदार पंखांचा ढेकूण. ठिपके ही त्याची घाण असते. तुळशीची पानं आपण खातो, काढ्यात घालतो, देवाला वाहतो, म्हणून तिच्यावर रसायन मारायला माझा ठाम विरोध आहे. मंजिऱ्या आणि खराब शेंडे खुडून टाका, पाण्यानं खालून धुवा, जास्तच असेल तर निंबोळी अर्क, आणि त्यानंतर आठवडाभर पानं तोंडात घालू नका. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड फुटून येतं आणि कीड सोसतं.

धाराशिव

गुलाबावर भुरी थंडीतच येते. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारठा, हे तिला मानवतं. पानावर पांढरी पावडर दिसायला लागली त्याच दिवशी ती पानं काढते आणि एक भाग दूध नऊ भाग पाण्यात मिसळून सकाळी मारते. तेवढ्यानं सुरुवातीची भुरी थांबते. पुढं गेली तर पाण्यात विरघळणारं गंधक, २ ग्रॅम लिटरला. पण गंधक कडक उन्हाळ्यात अजिबात नको, आणि निंबोळी तेल मारून दोन आठवडे झाल्याशिवायही नको, पानं भाजतात. फांदी टोकाकडून काळी पडत खाली यायला लागली तर हिरव्या भागात दोन बोटं खाली तिरका काप घ्या.

लातूर

एक विचारायचं राहिलं. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून गळायल्यात, आत बारीक भोक आहे. झाड बाकी ठणठणीत.

परभणी

ताई, ती कळी पोखरणारी अळी. एक कळी नखानं उकलून बघा, आत सापडेल. जांभळ्या कळ्या आणि खाली पडलेल्याही रोज वेचून साबणाच्या पाण्यात टाका, कारण अळी कळीतून बाहेर पडून मातीत कोषात जाते आणि तिथून पुढची पिढी सुरू होते. कुंडीतली वरची माती हलकी उकरून द्या. कळ्या बारीक असतानाच संध्याकाळी निंबोळी अर्क मारा, आठवड्यानं परत. फुलं गजऱ्याला किंवा देवाला काढायची असतील तर काढून झाल्यावर मारा.